नव्या शिक्षकासोबत घटक नियोजन करताना: आधी वह्यांचा गठ्ठा, मग टाचण

जून उजाडतो, नवे शिक्षक रुजू होतात आणि पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापक एखाद्या जुन्या शिक्षकाला बोलावून सांगतात, "मॅडम, सरांना जरा नियोजन दाखवून द्या." हे काम तुमच्याकडे पहिल्यांदाच आलं असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २२ वर्षं शिकवते आहे आणि आजवर ७ नव्या शिक्षकांबरोबर बसून त्यांचे पहिले घटक आखले आहेत. त्यातला पहिला अनुभव आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

तेव्हा मी काय केलं, तर कपाटातली माझी मागच्या वर्षीची टाचण वही, म्हणजे रोजच्या तासाचं नियोजन लिहितात ती, काढून नव्या मॅडमच्या हातात दिली. त्यांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. त्यावर सही झाली, कागदोपत्री सगळं ठीक. आठवड्याभरानं मी त्यांच्या वर्गावरून जात होते. फळ्यावर सममूल्य अपूर्णांक चालले होते. एका मुलानं विचारलं, "मॅडम, वर पण दोननं आणि खाली पण दोननंच का गुणायचं?" त्या थांबल्या. टाचणाकडे बघितलं. टाचणात लिहिलं होतं: 'अंश व छेदास समान संख्येने गुणणे, ४ उदाहरणे सोडवून घेणे.' त्या म्हणाल्या, "तसा नियम आहे, बाळ." मुलगा खाली बसला.

त्यांचं काय चुकलं? काहीच नाही. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या डोक्यात होतं, वहीत नव्हतं. कुठल्या वर्षी कुठल्या मुलानं काय विचारलं, कुठे पोरं अडली, म्हणून मी कोणता तास मागे आणला आणि कोणता पुढे ढकलला, यातलं अक्षरही टाचणात उमटत नाही. नव्या माणसाला नेमकं तेच हवं असतं. म्हणून तेव्हापासून मी पहिल्या दिवशी टाचण देत नाही. मुलांच्या वह्या टेबलावर ठेवते आणि म्हणते, "आपला क्रम यातून निघणार आहे."

घटक एकच, आणि तुमच्या हाताखालून गेलेला

संपूर्ण वर्षाचं नियोजन पहिल्याच बैठकीत उलगडून दाखवायचा मोह आवरा. वार्षिक नियोजन, मासिक नियोजन, घटक नियोजन, दैनिक टाचण ही उतरंड सरांना डी.एल.एड.ला, म्हणजे शिक्षक पदविकेला, शिकवलेली असते. त्यांना येत नाही ते हे: ८-९ तासिका एकमेकींत अशा गुंफायच्या की कालचा तास आजच्या तासाच्या उपयोगी पडेल. त्यासाठी एक घटक पुरतो. तो तुम्ही निदान ३-४ वेळा शिकवलेला असावा, म्हणजे मुलं कुठे घसरतात ते तुम्हाला पाठ असेल.

मी पाचवीचे अपूर्णांक घेते. इथे मुलांच्या चुका ठरलेल्या असतात, त्या बघताच दिसतात आणि क्रम चुकला की लगेच भोवतो. खालची सगळी उदाहरणं त्याच घटकाची आहेत. तुम्ही परिसर अभ्यास किंवा मराठी व्याकरण घेतलंत तरी पायऱ्या याच राहतील.

पहिली बैठक: वह्या

बैठकीच्या आधी सरांना एवढंच सांगा, "उद्या पाचवीला हे ५ प्रश्न द्या, काही शिकवू नका, गुण देऊ नका, फक्त कागद गोळा करून आणा." माझे प्रश्न साधारण असे असतात. एका भाकरीचे चौघांत सारखे वाटे केले तर एकाला किती, चित्र काढ. १/३ मोठा की १/४, आणि कशावरून? एका आयताचे तीन असमान भाग करून त्यातला एक रंगवलेला, हा १/३ आहे का? पाऊण किलो म्हणजे किती पाव? आणि शेवटचा, १/२ + १/३ = किती? हा शेवटचा प्रश्न अजून शिकवलेलाच नसतो, पण मुलं न शिकवताही काय करतील ते कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ४० मिनिटं बसा. त्याहून जास्त नको, दिवसभर शिकवून माणूस थकलेला असतो. २५-३० कागद असतील. तपासायचे नाहीत. ढीग लावायचे. ज्याला जमलं त्याचा एक, ज्याची चूक एकाच प्रकारची आहे त्यांचा एक, आणि काहीच लिहिलं नाही त्यांचा एक. ढीग सरांनाच लावू द्या. तुम्ही फक्त बघा.

मागच्या वर्षी आमच्या नव्या सरांनी १/२ + १/३ = २/५ लिहिलेले कागद 'चूक' म्हणून बाजूला सारले. १९ कागद होते. मी त्यातला एक उचलून त्यांच्या पुढे ठेवला आणि विचारलं, "सर, हिनं असं का केलं असेल?" ते म्हणाले, "नियम माहीत नाही म्हणून." मी म्हटलं, "तसं असतं तर १९ जणांची १९ उत्तरं आली असती. सगळ्यांचं एकच आलं. म्हणजे त्यांच्याकडे नियम आहे. कोणता?" त्यांनी कागद हातात घेतला, थोडा वेळ बघितला आणि म्हणाले, "वरच्यात वरचा मिळवला, खालच्यात खालचा. त्यांच्या लेखी ह्या दोन वेगवेगळ्या संख्या आहेत. रेघेच्या वरची एक, खालची एक."

त्या क्षणी आमचं अर्धं नियोजन झालं होतं. अपूर्णांक ही एकच संख्या आहे, रेघेच्या वर-खाली ठेवलेल्या दोन नव्हेत, हे मुलांना पटेपर्यंत बेरजेला हात घालायचा नाही, हे सरांनी स्वतः ठरवलं. मी हेच आधी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि दोन दिवसांत विसरले असते.

याच बैठकीत पाऊणचा प्रश्नही नीट बघा. आपल्या भाषेत अपूर्णांक ठासून भरलेले आहेत: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन. आमच्या आजोबांच्या पिढीनं तर पावकी, निमकी, पाउणकी, सव्वाकी, दिडकी पाढ्यांसारखी पाठ केली होती. पाऊण या शब्दातच 'पावाने उणा' हा अर्थ आहे. पावणेदोन म्हणजे दोनला पाव कमी. बाजारात आईबरोबर जाणाऱ्या मुलीला हे सगळं येत असतं, पण ३/४ म्हणजे तेच पाऊण, हे तिला कुणी जोडून दिलेलं नसतं. मात्र गृहीत धरू नका. ज्या मुलांच्या घरी भिली किंवा गोंडी बोलतात, त्यांना पाऊण हा शब्दही परका असू शकतो. म्हणून तो प्रश्न आधी विचारायचा.

शेवटचा प्रश्न आधी लिहा

आता एक कोरा कागद घ्या आणि सरांना म्हणा, "घटक संपला त्या दिवशी मुलांना कोणते तीन प्रश्न आपले आपण सोडवता यायला हवेत?" अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवं याचं अभ्यासक्रमातलं वाक्य, समोर असूद्या, पण तिचं वाक्य जसंच्या तसं उतरवू देऊ नका. 'अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीची उदाहरणे सोडवतो' असं लिहिलं की काहीच हाती लागत नाही. खरा प्रश्न लिहायला लावा. आमचे ठरलेले तीन असे होते:

पाऊण लिटर दुधातलं अर्धा लिटर विरजायला घेतलं, चहाला किती उरलं? चित्रही काढ.

२/३ मोठा की ३/५? मित्राला पटेल असं समजावून सांग.

एकानं १/२ + १/३ = २/५ असं लिहिलंय. त्याचं काय चुकलं?

तिसरा प्रश्न पहिल्या दिवसाच्या कागदातूनच उचललेला आहे. ज्या मुलांनी स्वतः ती चूक केली होती, त्यांनाच शेवटी ती शोधायला लावायची. सरांना ही कल्पना फार आवडली आणि मला वाटतं त्यांनी तो अख्खा घटक त्या एका प्रश्नाकडे डोळा ठेवून शिकवला.

तासिका मोजा, खऱ्या मोजा

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. नवे शिक्षक तो आकडा धरून भागाकार करतात. तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय काढा. ऑगस्टचा दुसरा पंधरवडा असेल तर स्वातंत्र्यदिनाची कवायत, राखी, दहीहंडी, पोळा, गणपती यातलं काही ना काही येणारच. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद एक दिवस खाणार. कुठे शाळेत जंतनाशक गोळ्यांचा दिवस, कुठे बैलपोळ्याला अर्धी पोरं घरी. हे सगळं पेन्सिलीनं खोडत जा आणि उरलेल्या तासिका मोजा. १५ दिवसांत गणिताच्या १२ धरल्या होत्या त्या आमच्या ९ भरल्या.

९ पैकी शिकवायला ७ धरायच्या. २ राखीव, एक मधे, एक शेवटी. राखीव तासिका नव्या शिक्षकाला पटत नाहीत, त्यांना वाटतं आपण वेळ वाया घालवतो आहोत. "मुलं अडली तर कुठे थांबणार?" एवढाच प्रश्न विचारा.

साखळी जोडणे

या पायरीला सर्वात जास्त वेळ द्या. यासाठी वेगळी बैठक ठेवा, वह्यांच्या दिवशीच उरकू नका.

कागदाच्या पाठकोऱ्या बाजूच्या ७ चिठ्ठ्या करा. प्रत्येक चिठ्ठीवर एका तासाचं एकच वाक्य, आणि तेही मुलाच्या तोंडचं: 'आज मला कळलं की...' शिक्षक काय करणार ते नाही लिहायचं. 'सममूल्य अपूर्णांक समजावून देणे' चालणार नाही. 'आज मला कळलं की अर्धा, २/४ आणि ४/८ ही एकाच मापाची तीन नावं आहेत' हे चालेल. सरांना पहिल्या दोन चिठ्ठ्यांना २० मिनिटं लागली, नंतर हात बसला.

मग चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडायच्या आणि कोणत्याही दोन शेजारच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल करून विचारायचं: "असं केलं तर काय बिघडेल?" काहीच बिघडत नसेल तर त्या दोन तासांत नातं नाही, नुसते शेजारी ठेवले आहेत. बिघडत असेल तर काय बिघडतं ते दोन चिठ्ठ्यांच्या मधे लिहून ठेवायचं. आम्ही त्याला दुवा म्हणतो. नव्या शिक्षकाला पुढच्या वर्षी सगळ्यात जास्त उपयोग याच दुव्यांचा होतो.

आमची साखळी शेवटी अशी लागली. आधी समान भाग म्हणजे काय. मग अंश १ असलेले अपूर्णांक: भाग वाढले की वाटा लहान होतो, म्हणून १/४ हा १/३ पेक्षा लहान. मग संख्यारेषेवर अपूर्णांकाची जागा, म्हणजे १/२ ला ० आणि १ च्या मधोमध एकच घर असतं. मग पट्टीच्या घड्या आणि सममूल्य अपूर्णांक. मग छेद सारखे करून लहानमोठेपणा. मग समच्छेद बेरीज-वजाबाकी. शेवटी भिन्नच्छेद.

सरांना संख्यारेषा नको होती. "मॅडम, मुलांना ती रटाळ वाटते, घड्या मजेच्या आहेत, थेट घड्यांवर जाऊ." मी अदलाबदल करून बघायला सांगितलं. त्यांनी चिठ्ठी काढली, जरा वेळ बघत बसले आणि परत जागेवर ठेवली. "पण मग ते १९ जण वरची आणि खालची वेगळीच धरतील. रेषेवर एका अपूर्णांकाला एकच बिंदू मिळतो." दुवा म्हणून हेच वाक्य त्यांनी लिहिलं.

साहित्याबद्दल इथेच बोला, कारण क्रम आणि साहित्य एकमेकांत अडकलेले असतात. भाकरी, पोळी, पिझ्झा ही वर्तुळं पाव आणि अर्ध्यापुरती ठीक. तीन किंवा पाच समान भाग करायला मुलाला वर्तुळात जमत नाही. भाग असमान होतात आणि आपण पहिल्या तासाला जे शिकवलं त्यालाच धक्का बसतो. कागदाची पट्टी घ्या. १२ सेंटिमीटर लांबीची पट्टी हा या घटकाचा खरा खजिना आहे. तिचा अर्धा ६, तिसरा भाग ४, पाव ३, सहावा भाग २. सगळं मोजपट्टीवर पूर्ण आकड्यात येतं. २/३ आणि ३/५ ची तुलना करायला १५ सेंटिमीटरची पट्टी: १० आणि ९. कंपासपेटीतली मोजपट्टी नेमकी १५ सेंटिमीटरची असते, त्यामुळे हे प्रत्येक मुलाच्या हाती आहे. त्या मुलाचा जुना प्रश्नही इथेच सुटतो. अर्धा भाग रंगवलेली पट्टी पुन्हा दुमडून तिला आणखी एक घडी घातली की एकूण भाग दुप्पट होतात आणि रंगवलेले भागही दुप्पटच होतात, कारण घडी दोघांवर एकदमच पडते. वर आणि खाली दोननं का गुणायचं, ते मुलाच्या बोटांना कळतं.

सविस्तर टाचण फक्त दोनच

साखळी लागली की नव्या शिक्षकाला सातही तासांची टाचणं एकदम लिहून मोकळं व्हायचं असतं. अडवा. पहिल्या दोन तासांची सविस्तर लिहू द्या, बाकीच्यांची चिठ्ठी आणि दुवा एवढंच पुरे. दुसऱ्या तासाला मुलं जे बोलतील त्यानं तिसरा बदलणार आहे. आधीच सुंदर अक्षरात लिहिलेलं टाचण खोडायला माणसाचं मन होत नाही, मग तो मुलांनाच टाचणाप्रमाणे ओढतो.

त्या दोन टाचणांत तीन गोष्टी आहेत का बघा: तासाचा मुख्य प्रश्न जसाच्या तसा लिहिलेला, मुलं देतील ती दोन अपेक्षित चुकीची उत्तरं, आणि ती आली तर सर काय करतील. 'चर्चा घेणे' असं कुठे दिसलं की थांबवून विचारा, "पहिलं वाक्य काय बोलणार?" ते वाक्य मोठ्यानं म्हणून घ्या. मी स्वतः पाचवीची मुलगी होऊन उत्तर देते, मुद्दाम चुकीचं. ही ५ मिनिटांची तालीम मला फार मोलाची वाटते.

वर्गात मागे बसाल तेव्हा

पहिला किंवा दुसरा तास बघायला जा. जाण्याआधी सरांना विचारा, "मी काय बघू?" ते सांगतील तेवढंच बघायचं. गणवेश, फळ्यावरची तारीख, हस्ताक्षर हे बघायला इतर लोक येतात.

मागच्या बाकावर, मुलांच्या शेजारी बसा आणि वहीत शिक्षकाचं बोलणं लिहू नका, मुलांचं लिहा. शब्दशः. मी मागच्या वेळी लिहिलेल्या ओळी अशा होत्या: 'चार मोठा म्हणून एक चतुर्थांश मोठा.' 'नाही रे, जास्त जण आले तर भाकरी कमी मिळते.' 'मग पाच जण आले तर अजून कमी!' तास संपल्यावर मी ती वही नुसती सरांच्या पुढे ठेवली. फळ्याकडे तोंड असताना मागच्या बाकावर पोरांनी आपसातच निम्मा तास शिकवून टाकला होता, हे त्यांना ऐकूच आलं नव्हतं. पुढच्या तासाची सुरुवात त्यांनी त्या मुलाला उभं करून केली: "काल तू भाकरीचं काय म्हणालास, सगळ्यांना सांग."

तासानंतरच्या बोलण्यात पहिलं वाक्य त्यांचं असू द्या. "कुठे मुलं तुमच्या अपेक्षेपेक्षा वेगळी वागली?" एवढं विचारून गप्प बसा. 'मी असते तर' या शब्दांनी एकही वाक्य सुरू करू नका. एका बैठकीत एकच सुधारणा. दहा सांगितल्या तर एकही होत नाही, आणि माणूस तुम्हाला वर्गात बोलवायचं बंद करतो. विस्तार अधिकारी किंवा केंद्रप्रमुखांसमोर त्यांच्या तासाबद्दल चांगलं तेवढंच बोला. बाकीचं तुमच्या दोघांत राहूद्या.

शाळा द्विशिक्षकी असेल तर तुम्ही दुसऱ्याच्या वर्गात जाणार कसे? तुमचे दोन-तीन वर्ग कोण बघणार? तेव्हा तास बघणं सोडा, वह्या बघा. तास संपताना प्रत्येक मुलानं पाठकोऱ्या चिठ्ठीवर एका प्रश्नाचं उत्तर लिहून दारात सरांच्या हातात द्यायचं. मधल्या सुट्टीत खिचडी होईपर्यंत दोघांनी मिळून त्या चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे. १० मिनिटांत तास कसा झाला ते कळतं. आणि चौथी-पाचवी जोडवर्ग असेल तर साखळी आखतानाच ठरवा की कोणत्या तासाला चौथी बरोबर बसेल. समान भाग, भाकरीचे वाटे, पट्टीच्या घड्या हे दोघांना चालतं. छेद सारखे करताना चौथीला वेगळं काम द्यावं लागतं आणि ते आधी तयार हवं.

चौथ्या तासानंतर थांबा

राखीव तासिका इथे वापरायची. त्याच पहिल्या ५ प्रश्नांतले दोन पुन्हा द्या आणि ढीग लावा. आमच्या वेळी १९ मधले ६ अजून २/५ वरच होते. सरांचा चेहरा उतरला. मी त्यांना पहिल्या दिवसाचा गठ्ठा आणि आजचा गठ्ठा शेजारी ठेवून दाखवला. मग आम्ही फक्त त्या सहांसाठी राखीव तासिका आखली आणि बाकीच्यांना एकमेकांसाठी प्रश्न तयार करायला दिले.

त्या सहांना सरांनी काहीच समजावलं नाही. १० चौकटींची एक पट्टी दिली आणि म्हणाले, "अर्धी रंगव." ५ चौकटी रंगल्या. "आता हिच्यात आणखी थोडं मिळवायचं आहे. उत्तर ५ पेक्षा जास्त येईल की कमी?" "जास्त!" "बरं. तू उत्तर लिहिलं होतंस २/५. दुसऱ्या पट्टीवर २/५ रंगव." मुलीनं पट्टीचे पाच भाग केले, दोन रंगवले, आणि मोजलं. ४ चौकटी. ती दोन्ही पट्ट्या शेजारी धरून बसली. मग म्हणाली, "सर, मी मिळवलं आणि कमी झालं!" त्या दिवशी तिनं आपणहून २/५ खोडलं. ही कृती सरांनी स्वतः शोधली होती, मला ती सुचली नसती. मी आता माझ्या वर्गात तीच वापरते.

गैरहजर मुलांची जागा साखळीतच ठेवा

हे नव्यांना कुणी सांगत नाही. आमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं आईबापांबरोबर निघून जातात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही कारखान्याच्या तळावर. शेतीच्या हंगामात कांदालागण, कापूस वेचणी, धाकट्या भावंडाला सांभाळणं यासाठी दोन-दोन दिवस मुली येत नाहीत. साखळीतला एक तास चुकला की पुढचे सगळे तास त्या मुलीला परके होतात.

उपाय साधा आहे. प्रत्येक तासाची पहिली ७ मिनिटं 'कालची गोष्ट' म्हणून बांधून ठेवा. काल हजर असलेलं मूल काल नसलेल्याला पट्टी हातात घेऊन सांगतं, शिक्षक ऐकतात. दुवे लिहिलेले असल्यानं काल नसलेल्याला नेमकं काय लागणार ते सरांना माहीत असतं. सांगणाऱ्याचंही पक्कं होतं. आणि जी मुलं दिवाळीनंतर जाणार हे आधीच माहीत आहे, त्यांच्यासाठी हा घटक पहिल्या सत्रातच पूर्ण होईल असं वार्षिक नियोजनात बघा.

कागदपत्रांबद्दल थोडंसं

टाचण वही, आकारिक नोंदी (शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाच्या), घटक नियोजनाचा तक्ता हे लिहावं लागतं. दुहेरी लिखाण होऊ देऊ नका. चिठ्ठीवरचं वाक्य तेच टाचणातलं उद्दिष्ट, शेवटचे तीन प्रश्न हीच घटक चाचणी, ७ मिनिटांची कालची गोष्ट हे तोंडीकाम, पट्ट्या हे प्रात्यक्षिक. आकारिक मूल्यमापनाची तंत्रं वेगळी करायची गरज उरत नाही, साखळीतच बसतात. तक्त्याचा नमुना तालुक्यानुसार थोडाफार बदलतो, तो केंद्रप्रमुखांकडून एकदाच घ्या.

पुढचा घटक

पुढच्या घटकाला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसा. पेन सरांच्या हातात, चिठ्ठ्या त्यांच्या. तुम्ही फक्त तीन प्रश्न विचारायचे: वह्यांत काय दिसलं? शेवटी मुलांना काय सोडवता यायला हवं? या दोन तासांची अदलाबदल केली तर काय बिघडेल? तिसऱ्या घटकाला त्यांना बोलवू नका, ते आले तर बसा.

आमचे सर दशांश अपूर्णांकांच्या वेळी आले ते गठ्ठा घेऊनच. ढीग आधीच लावलेले होते. वरच्या कागदावर एका मुलानं ०.१२ हा ०.५ पेक्षा मोठा लिहिला होता, बाराला पाचापेक्षा मोठं मानून, आणि त्याखाली सरांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'याच्याकडेही नियम आहे. कोणता?'